फुकट्यांपुढे ब्लफ

विमा कंपनीच्या सर्व्हेअरचं माणसांविषयी फारसं बरं मत नव्हतं. आपटलेल्या गाड्या बघायच्या आणि मालकाचं खोटं पकडायचं, हा त्याचा धंदा. ‘उभी होती हो, मागून कुणीतरी ठोकून गेलं,’ असं सांगणाऱ्याच्या गाडीचं नेमकं पुढचं बॉनेट चेपलेलं असायचं. लोकांना धड खोटंही बोलता येत नाही, याचीच त्याला चीड.

आपल्याला ते येतं या खात्रीने तो रोज संध्याकाळी मोबाइलवर पोकर खेळे. प्रवेश फुकट, आणि जिंकणाऱ्याला पैसे भरून खेळायच्या मोठ्या स्पर्धेत जागा. त्याची सारी मदार ब्लफवर होती. हातात काही नसताना असा डाव लावायचा की समोरच्याने घाबरून पत्ते टाकावेत. पण ज्याच्या खिशातून दमडी जाणार नाही, तो घाबरेल कशाला? हा बदामाचे पाच पत्ते असल्याचा आव आणी, आणि कुणी ‘बिनधास्त’ नावाचा इसम सत्त्यांची जोडी घेऊन सरळ येऊन भिडे.

“गाढवापुढे वाचली गीता,” तो फोन आपटून म्हणे.

“मग रोज गाढवांत जाऊन बसता कशाला?” कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको विचारी.

“तुला नाही कळायचं.”

“मला कळत नाही, त्यांना कळत नाही. मग वाचता तरी कुणासाठी?”

अशा फुकट्यांच्या बाजारात एक दिवस त्याला ‘आठ-नंबर’ भेटला.

नाव बावळट, पण खेळ बघून सर्व्हेअर सावरून बसला. याने डाव वाढवला की आठ-नंबर क्षणभर थांबे आणि शांतपणे पत्ते टाकी. पुन्हा वाढवला, पुन्हा टाकले. हावरेपणा नाही, ‘बघू तरी काय आहे’ ही चोंबडी खाज नाही. अख्ख्या कळपात एकाला तरी आपली भाषा समजते, या विचाराने त्याला भरून आलं. त्या आठवड्यात तो जेवताना बायकोशी चक्क गोड बोलला.

शनिवारी दोघंही शेवटच्या टेबलावर पोचले. बाकीचे एकमेकांच्या उरावर बसून बाद झाले. उरले हे दोघे. सर्व्हेअरच्या हातात इस्पिकचा राजा आणि चौकटची दुर्री; त्यांचा कशाशी काही संबंध लागत नव्हता. पण समोर मांडलेल्या पत्त्यांत तीन बदाम होते. समोर दुसरा कुणी असता तर सर्व्हेअरने हा ब्लफ वाया घालवला नसता. आठ-नंबरसाठी मात्र त्याने सगळंच्या सगळं पुढे सारलं आणि कौतुकाने वाट बघत राहिला.

आठ-नंबर भिडला. त्याच्याकडे नव्व्यांची जोडी होती. सर्व्हेअरचा निकाल लागला.

“शेवटी तूही त्यातलाच,” तो फोनला म्हणाला आणि न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवशी चपलेचा पट्टा तुटला म्हणून बायकोने त्याला साडूच्या दुकानात पिटाळलं. साडू चपला-बूट विकायचा. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की हा लगेच भाव उतरवी. असा माणूस आयुष्यात काय डाव खेळणार, असं सर्व्हेअर मेहुणीसमोरसुद्धा बोलून दाखवी.

“या साडूभाऊ,” साडू एका बाईंच्या पायात सँडल चढवत म्हणाला. “तुमचा तो पत्त्यांचा खेळ घेतला हं मी. काल म्हणे पहिला आलो. या मोठ्या स्पर्धेचं करतात काय?”

त्याने फोन पुढे केला. वर नाव होतं, आठ-नंबर.

सर्व्हेअर स्टुलावर बसला. “हे कसलं नाव?”

“नाव विचारलं तेव्हा हातात आठ नंबरचा खोका होता.”

“बरं. पण तुम्ही पत्ते फार विचार करून टाकत होता.”

“विचार कसला? गिऱ्हाईक समोर असलं की बघायला वेळ कुठे असतो? फोन किणकिणला की ते पत्ते टाकायचं लाल बटण दाबायचं. काल शेवटी दुकान रिकामं होतं, म्हणून म्हटलं, बघू तरी काय आहे.”

सँडल घातलेल्या बाईंनी आरशात पाय वळवून बघितला. सर्व्हेअरने रुमालाने मान पुसली.

“ही जागा तुम्ही घ्या ना,” साडू मनापासून म्हणाला. “मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही मुरलेले.”

सर्व्हेअरच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण या माणसाच्या हातून घ्यायचं? त्याने चेहरा दगडासारखा केला. “छे, असल्या पोरखेळात मला रस नाही.” आता साडू आग्रह करील, मग आपण ‘बरं, तुमच्या समाधानासाठी’ म्हणू, असा त्याचा हिशेब.

साडूने मान डोलावली. “बरोबर आहे तुमचं,” म्हणून त्याने समोरच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला हाक मारली आणि जागा त्याला देऊन टाकली. चष्मेवाला खूश होऊन दोघांसाठी चहा घेऊन आला. तो पोचेपर्यंत सर्व्हेअर रस्त्याला लागला होता. तुटकी चप्पल तशीच त्याच्या हातात होती.