पाटलाचा ताल

खुशालराव पाटील पहिल्यांदाच बौद्धवाड्यात आला, तोही गरजेपोटी.

"देवमन, पोरीचं लगन हाय. अकोल्याचा बँड सांगतला, पन त्यात काही दम नाई. तुयासारखं डफडं पंचक्रोशीत कोनी वाजवत नाई. ये बावा."

देवमन मान खाली घालून बसला होता. पण त्याची बोटं मांडीवर हलायला लागली. ती त्याच्या बायकोला, इंदूबाईला, दिसली आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

दीक्षा घेतली तेव्हाच वस्तीने ठरवलं होतं: मेलेलं ढोर ओढायचं नाही, डफडं वाजवायचं नाही. ठरवलं ते बरोबरच होतं. पाटलाच्या दारात घाम गाळून वाजवायचं आणि उकिरड्याशेजारी बसून उष्टं खायचं, हे तिने भोगलं होतं. पण ढोर सुटलं तेव्हा देवमन हसला होता, आणि डफडं सुटलं तेव्हापासून हा माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा राहत होता. मजुरीला जायचा, यायचा, भिंतीकडे बघत बसायचा. चार वर्षं झाली, धड हसला नव्हता.

"येत नाई ते," इंदूबाई म्हणाली. "जलमभर वाजवलं तवा तुमी अंगनात घेतलं नाई पाटील. आता वरात अडली तं आमचं घर दिसलं काय?"

बाईच्या जिभेला हाड नाही, असं काहीबाही बडबडत खुशालराव निघून गेला.

"मी गेलो असतो," देवमन पुटपुटला.

दुसरी एखादी रडली असती. इंदूबाई पेटली. तिने माळ्यावरचं डफडं ओढून काढलं, काखेत मारलं आणि तरातरा विहाराच्या चौकात गेली. तिथे दुसऱ्या दिवशीच्या जयंतीच्या पताका लावणं चाललं होतं. तिचा दीर श्रावण वस्तीचा पंच. डफडं पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"वयनी, हे इथं काहून आनलं? मेल्या ढोराचं चामडं हाय. गुलामीची निशानी."

"चामडं मेल्या ढोराचं, पन हात जित्या मानसाचे हायेत! पाटलाची चाकरी सोडा म्हनलं, सोडली. हातातलं कसब पाटलानं देल्लं होतं काय? ते काहून फेकाले लावलं? मिरवनूक मुकी काढता, अन वाजवनारा माह्या घरात मरून राह्यला!"

"उद्या पाटील म्हनन, तिथं वाजवतं तं इथंबी वाजव."

"म्हनू दे. त्याले उत्तर द्याले मी हावो ना! माह्या जिभेले सारेच नावं ठेवता, आता तिले कामाले लावा."

तेवढ्यात देवमन मागून आला. कुणी सांगायच्या आत त्याने काडीकचरा पेटवला, चामडं ताणायला डफडं शेकलं, वाजवायच्या काड्या उचलल्या आणि वाजवायला सुरुवात केली. सारा चौक जागच्या जागी थबकला. असा हात!

मग म्हातारा डोमाजी रस्त्यातून बाजूला सरकला. मान खाली, हात जोडलेले. त्याच्या मागोमाग दुसरे म्हातारेही सरकले. पाटलाच्या वरातीचा ताल होता तो. हयातभर त्या तालावर त्यांनी वाट सोडली होती, आणि आजही पाय आपसूक हलले.

देवमनला ते दिसलं. त्याचे हात थांबले.

"मले दुसरं येतच नाई," तो म्हणाला. "सारं त्याईचंच हाय."

श्रावणने मान फिरवली. इंदूबाईला पाटलाचा राग आला, पंचांचा आला, त्या जोडलेल्या हातांचा आला, आणि सगळा राग नवऱ्यावर निघाला.

"मंग नवं बसवा! ते का खुशालरावानं वाजवलं होतं? तुमच्याच हातातून निंगालं ना?"

देवमनने डफडं पुन्हा शेकलं. मग त्याने त्यावर काडी मारली. ठोका वाकडा पडला. दुसरा त्याहून वाकडा.

"चुकलं रे, देवमन," डोमाजी म्हणाला.

"हो," देवमन म्हणाला. "पन हे माह्यं हाय." आणि त्याने पुन्हा काडी उचलली.