माझ्या ब्रेकवरचं कुंकू

मी एक जुनी आडवी सायकल आहे. मित्रांनो, खुशाल जवळ या, पण आधी हात धुऊन या. बोटांना तेल, तूप, चंदन, चिंचेचा कोळ, काहीही लागलेलं असेल तर तिथंच थांबा. मला शिसारी येते, आणि ती का येते तेच आज सांगायचं आहे.

आडवी म्हणजे पडलेली नव्हे! माझ्यावर माणूस आरामखुर्चीत बसल्यासारखा रेलतो, पाय पुढं करतो आणि अगदी टोकाला असलेली पेडलं फिरवतो. माझी साखळी इतर सायकलींपेक्षा कितीतरी लांब, त्यामुळं मळ धरायलाही तेवढीच जास्त जागा. कोइमतूरच्या एका वेल्डरनं दोन मोडक्या सायकलींतून मला घडवलं. पहिल्या मालकानं थोडे दिवस मिरवलं आणि मग जिन्याखाली टाकलं. तिथं कबुतरं होती. शी! कबुतरं काय करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या जाळीच्या सीटवर नुसता थर साचला होता, आणि येणारे-जाणारे त्यावर चहाचे उष्टे कप ठेवून जात.

तिथून मला सोडवलं भुवनानं. ती तंजावूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि राजवाड्यामागच्या गल्लीत काका सीतारामराव आणि काकी वेंकूबाई यांच्याजवळ राहते. तिच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं होतं. साध्या सायकलवर वाकून बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मूळची सायकलवेडी पोर, पण दुसऱ्यांच्या सायकलींकडे बघणंही तिनं सोडून दिलं होतं. माझ्यावर रेलून तिनं किल्ल्याच्या खंदकाकडेनं पहिली फेरी मारली आणि ती मोठ्यानं हसली. त्या हसण्यासाठी मी तिची झाले.

गल्लीनं मात्र मला नुसतं छळलं. कुणी मला आजाऱ्याची खाट म्हणे, कुणी आइस्क्रीम खाता खाता माझ्यावर रेलून फोटो काढी. ते वितळलेलं, चिकट, गोड पाणी माझ्या साखळीत उतरे आणि मग मुंग्यांची वरात निघे. ईऽऽ! आठवलं तरी अंगावर काटा येतो.

भुवनाच्या मनात रामेश्वरला जायचं होतं. एकटीनं, सगळं सामान घेऊन, माझ्यावर बसून. काकांचा जीव खालीवर झाला. शेवटी ते म्हणाले, "आधी सामान लादून जवळच्या तिरुवैयारूपर्यंत जाऊन ये. मी स्कूटरवरनं मागं येतो. नीट परतलीस तर रामेश्वरला जा. नाही तर ही खाट भंगारात घालायची. सरी? कबूल?"

"सरी, काका," भुवना म्हणाली. माझं आणि तिचं सगळं त्या एका फेरीवर येऊन ठेपलं.

मग तिनं मला नीट सजवलं, आणि तेवढे दिवस मला कशाचीच किळस आली नाही. तिनं पेडलांचा दांडा आपल्या पायांच्या मापानं पुढं सरकवून घट्ट आवळला. जड सामान सीटच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना सारखं बांधलं. कपडे मागं ठेवले. ओझं जितकं खाली तितकी मी स्थिर, वर चढलं की मी झोकांड्या खाणार, हे तिनं सामान बांधून-सोडून जाणून घेतलं. लोंबणारा एकही पट्टा तिनं ठेवला नाही. माझ्या ब्रेकच्या डिस्का, म्हणजे चाकांना लागून असलेल्या त्या चकचकीत थाळ्या, कोऱ्या फडक्यानं पुसल्या.

आणि आली आयुधपूजा! आमच्या गावात त्या दिवशी हत्यारं-यंत्रं धुऊन देवापुढं ठेवतात आणि कुणी ती वापरत नाही. घरातली पाने-पक्कड, शिवणयंत्र, नारळाची खवणी, स्कूटर आणि मी, सगळे ओळीनं मांडलेले. काका नव्या अंगवस्त्रात आले. नुकत्याच समईच्या वाती सारलेल्या, तिळाच्या तेलानं माखलेल्या बोटांनी त्यांनी स्कूटरला गंध लावलं, खवणीला लावलं. मग त्यांची नजर माझ्या डिस्कांवर गेली.

"वेंकू, हे बघ! सुदर्शनचक्र! आणि एक नव्हे, दोन!"

शी शी शी! दोन्ही डिस्कांवर आतून-बाहेरून चंदनाचे ओले थापे, वर चिमूट चिमूट कुंकू, आणि सगळ्याखाली ते तेल. मित्रांनो, तुमच्या डोळ्यांत कुणी प्रेमानं लोणी घातलं तर कसं वाटेल? मला शिव्या सुचत होत्या, पण तोंडच नाही.

दुसऱ्या दिवशी, विजयादशमीच्या सकाळी, फेरीला निघण्याआधी भुवना फडकं घेऊन वाकली. "काका, ब्रेकवरचं तेवढं पुसते."

"ऐयो, पूजेचं गंध पुसून निघतेस? आजच्या दिवशी?" काकांनी तिचा हात धरला. "तुला काही झालं तर?"

"राहू दे गं," वेंकूबाई हळूच म्हणाल्या. "रात्रभर डोळा लागला नाही त्यांचा."

भुवनानं फडकं खिशात घातलं. वर काकींनी आग्रहानं चिंचभाताचा भरलेला डबा माझ्या सीटच्या पाठीला, एकाच बाजूला, उंच टांगला. गल्ली संपायच्या आत त्यातलं तेल माझ्या अंगावरून ओघळायला लागलं. वास तर असा की रस्त्यातली कुत्री वळून बघत होती.

ब्रेक दाबले की किंचाळत होते, पण सपाट रस्त्यावर निभावलं. घासून घासून निघून जाईल, असं भुवनाला वाटलं. मग कावेरीचा पूल आला. पुलावरून उतार लागला, सामानाच्या वजनानं मी सुसाट निघाले. भुवनानं दोन्ही ब्रेक दाबले आणि ते नुसते घसरले. तेल, चंदन आणि कुंकवाचा लाल चिखल झाला होता. पुढं एक बाई शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होती. साध्या सायकलवर पाय तरी टेकवता येतात. मी धावत असताना पाय टेकला तर तो मागं ओढला जातो, चाकाखाली. भुवनाला ते माहीत होतं. तिनं पाय पेडलांवरच ठेवले आणि मला कडेला वाळत घातलेल्या साळीच्या राशीत घातलं.

आम्ही दोघी आडव्या झालो. डबा उघडला आणि चिंचभात माझ्या साखळीत, गिअरांत, सीटच्या जाळीत, सगळीकडे गेला. साळीची मालकीण ओरडत आली, पण भुवनाचं खरचटलेलं कोपर बघून तिनं आधी तिला हात दिला.

काका स्कूटर टाकून धावत आले. भुवना उभी आहे हे बघितलं आणि त्यांचा पारा चढला. "झालं समाधान? ही अवदसा आजच भंगारात जाणार!"

भुवनाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "काका, आधी ब्रेकला हात लावून बघा."

काकांनी वाकून डिस्कवर बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं. समईच्या तेलाचा वास त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी खांद्यावरचं पूजेचं नवं अंगवस्त्र काढलं, भर रस्त्यात मांडी घातली आणि माझ्या डिस्का पुसायला लागले. "मी काय करून बसलो होतो गं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. अंगवस्त्राचा पार लगदा झाला. मी टेम्पोत पडून घरी आले. ब्रेकचे पॅड वाया गेले होते, ते नवे बसवले, आणि माझ्या साखळीतून शितं काढायला काका स्वतः जुना टूथब्रश घेऊन बसले. सामान कुठं बांधायचं, हे ते भुवनाला विचारायला शिकले. मग तिरुवैयारूची फेरी पुन्हा झाली, आणि आम्ही नीट परतलो.

मित्रांनो, आपल्या आवडत्या वस्तूला जपा, पण जपणं म्हणजे हाताला येईल ते थापणं नव्हे. ती कशी चालते, ते आधी विचारून घ्या. तुमच्या मायेचा ओशट हात मला नको.

रामेश्वरला निघायच्या पहाटे काका पुन्हा गंधाची वाटी घेऊन आलेच. मी मनात डोळे मिटले. पण ते माझ्यापासून चार पावलांवर थांबले, बोट धोतराला पुसून कोरडं केलं आणि म्हणाले, "भुवना, कुठं लावू?"

तिनं सीटमागची दांडी दाखवली. तिथं तो ठिपका अजून आहे. तेवढा पुसू नका.