पक्का रेफरन्स

अमरावतीच्या एका हॉटेलात दर मंगळवारी सकाळी वीस-बावीस धंदेवाले गळ्यात पट्टे अडकवून बसत आणि एकमेकांना गिऱ्हाइकं वाटत. अडचण एवढीच, की वाटायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. कापसाचा भाव पडला की वऱ्हाडात आधी लग्नं लांबतात. त्या वर्षी कुणाची लांबली, कुणाची पुढाऱ्याच्या सामूहिक विवाहात उरकली. म्हणजे नवरदेव पन्नास आणि मांडव एकच, तोही पुढाऱ्याच्या साडूचा.

वली मंडपवाल्याचा सगळा हंगाम असाच बसून गेला. कुणीतरी सांगितलं, मंगळवारच्या त्या मंडळात जा, ओळखी वाढतील. वाढल्या की. फोटोवाला, बँडवाला, मेंदीवाली, पत्रिका छापणारा, सगळे त्याच्यासारखेच रिकामे. व्हिजिटिंग कार्डं मात्र एकेकाची चकचकीत.

नियम असा, की प्रत्येकाने दर आठवड्याला दुसऱ्यांसाठी एक रेफरन्स, म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता, आणायचा. नसेल त्याने उभं राहून 'आज माझ्याकडे देण्यासारखं काही नाही' असं म्हणायचं, आणि बाकीच्यांनी त्याचा उत्साह वाढवायला टाळ्या वाजवायच्या. वलीने शिव्या खाव्यात तशा त्या टाळ्या खाल्ल्या. शेवटी अध्यक्ष शेषराव केटरर म्हणाले, "वलीभाई, नाश्ता तं दर मंगळवारी करून राहिले तुमी. रेफरन्स कवा देता?"

वलीच्या तोंडून निघून गेलं, "अकोटले लग्न हाय. पक्कं."

लग्न होतं त्याच्याच लेकीचं, फलकचं, आणि पक्कं तर मुळीच नव्हतं. अकोटच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या दानियालशी बोलणी चालली होती. मुलाची आई सुरैय्याबी साधी बाई. मशिदीत निकाह आणि वर सरबत-खजूर, एवढ्यावर ती राजी होती. होकार तेवढा रविवारी कळवणार होती. फलकला मुलगा मनापासून आवडला होता. त्याचा फोन आला की ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जाई, धुतलेले नसले तरी.

टाळ्या कडाडल्या. लोकांनी मुलाकडचा पत्ता मागितला, वलीने दिला. आपल्याच घरचं सरबत-खजुराचं लग्न आहे म्हणून सांगावं, तर पुन्हा देण्यासारखं काही उरत नव्हतं.

रविवारच्या आत अर्धं मंडळ एसटीने अकोटला जाऊन सुरैय्याबीच्या ओट्यावर बसून आलं. फोटोवाल्याने अल्बम उघडले. बँडवाल्याने घोडीचा स्वभाव सांगितला. शेषराव तर अकोल्याचा बिर्याणीवालाच सोबत घेऊन गेले. सुरैय्याबीच्या मनात असलं काही कधी आलं नव्हतं. आता आलं. एकुलता एक मुलगा, आणि सरबतावर बोळवण?

रविवारी तिचा फोन आला. "वलीभाई, एवढे लोक येऊन गेले, आमाले वाटलं तुमीच पाठवले. तसं लगन करून देता का?"

वलीने खरं तेच सांगितलं, झेपणार नाही. ती वाकडं बोलली नाही. "मग राहू द्या," म्हणाली. अकोल्याच्या एका मुलीच्या बापाला ते सगळं झेपत होतं. महिन्याभरात तिकडे मंगनी झाली.

मंगनीनंतरच्या मंगळवारी मंडळात सणच होता. फोटो, बँड, बिर्याणी, मेंदी, सगळ्यांना काम लागलं होतं. शेषरावांनी वलीला शाल-नारळ देऊन महिन्याचा उत्तम सभासद केलं. "आन तुमाले कसं इसरू? मांडवबी तुमचाच सांगतला म्या."

नियमाप्रमाणे वली आभार मानायला उभा राहिला. त्या घरात माझी लेक जाणार होती, एवढं सांगायचं त्याच्या मनात होतं. तो नारळाची शेंडीच कुरवाळत राहिला. लोकांना वाटलं, गडी भारावला. त्यांनी त्यालाही टाळ्या दिल्या. वलीला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

घरी येऊन त्याने फलकला सगळं सांगितलं. रेफरन्ससुद्धा. "मी नाही घेत ते काम," तो म्हणाला.

फलकने त्याच्या हातातली शाल घेऊन तिची घडी घातली. मग म्हणाली, "काहून नाही अब्बा? दुसरं काम हाय का?"

नव्हतं.

"मग घ्या. फक्त पडदे कोन्या रंगाचे लावू, हे मले विचारू नका."

आजवर त्याच्या प्रत्येक मांडवाचे रंग तिनेच ठरवले होते.