ढग उठेपर्यंत

१९१३चा फेब्रुवारी. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या आल्वेनोय गावच्या म्हाताऱ्या, कट्टर कॅथलिक जेर्मानने अंथरुणाला खिळल्यावर थोरल्या मुलीचं, बार्लाचं, नाव घेतलं. तिने प्रोटेस्टंट पेडरशी लग्न केलं तेव्हापासून त्याने ते टाकलं होतं. बोगद्यापलीकडे तिच्या सासरी निरोप नेला गाडीच्या कंडक्टर दूरीने. तो त्यांच्याच गावचा.

"बाप बोलावतोय. तुला काही सांगायचंय म्हणतो. सकाळच्या गाडीने चल."

व्यायलेल्या गाईपाशी रात्र जागून बार्ला तशीच गाडीत बसली. लांब बोगदा संपला, प्रेडा स्टेशनात गाडी थांबली, ती थांबलीच.

पुढच्या डब्यात झुरिकचे सिनेमावाले होते. हिवाळ्यातही लोकांनी डोंगरात यावं म्हणून रेल्वेने त्यांना आणलं होतं. शिखरावर ढग बसला होता. तो उठेपर्यंत गाडी हलवायची नाही, असा हुकूम होता.

"दूरीकाका, शिट्टी काय शोभेला अडकवलीय?"

"फुंकतो की. इंजिन माझं ऐकणार आहे थोडंच?"

खिडकीत दाखवायला आणलेली बाई घाटात गाडी लागून आडवी झाली होती. दूरी खालच्या आवाजात म्हणाला, "तू बस तिथे, पोरी. यांचं लवकर उरकेल, आपण लवकर सुटू."

म्हणून बार्ला बसली. त्यांनी तिच्या खांद्यांवर लोकरीची शाल टाकली, डोक्यावर पिसांची टोपी ठेवली आणि वर बघायला सांगितलं. ती ढगाकडे बघत राहिली. रडायचंही त्राण नव्हतं. "ऊठ रे मेल्या," ती पुटपुटत होती. कॅमेरावाला खूश झाला.

ती पोचली तेव्हा धाकटी मेंगिया दारातच होती.

"दुपारपर्यंत तुझाच जप चालला होता. आता वाचा गेली."

बापाने बार्लाची बाही धरली. ओठ हलले, शब्द फुटला नाही. दोन दिवसांनी तो गेला. काय सांगायचं होतं ते त्याच्याबरोबरच गेलं.

"गाडी अडली होती," बार्ला म्हणाली.

"बर्फात?"

"ढगापायी."

मेंगियाला ते पटलं नाही, पण ती म्हणाली, "असो. आलीस ना." ईस्टरला ती बहिणीकडे राहूनही आली.

मग शरद ऋतूत गावच्या खानावळीत तो मुका सिनेमा लागला. पडद्यावर अक्षरं आली: 'या डोंगरांपुढे माणूस सगळं विसरतो.' पाठोपाठ पिसांच्या टोपीतली, वर बघत ओठ हलवणारी बार्ला.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, बार्ला बापाच्या थडग्यावर दिवा लावायला आली. मेंगिया तिथेच होती.

"टोपी छान होती."

"माझी नव्हती ती."

"बाप तुझ्या नावाने तळमळत होता आणि तू डोंगराशी गुलुगुलु बोलत होतीस."

"शिव्या देत होते, मेंगिया."

"सगळ्या गावाने पाहिलंय."

दूरीने शपथेवर सांगून पाहिलं. मेंगिया म्हणाली, "काका, तुमचं ऐकायचं की माझ्या डोळ्यांचं?"

सिनेमा झिजेपर्यंत दर हिवाळ्यात चालला. पाहुणे वाढले, पेडरला त्यांच्या घसरगाड्या ओढायचं काम मिळालं. कॅमेरावाला बर्लिनला गेला म्हणतात. दूरीने पेन्शनीत मधमाश्या पाळल्या. मेंगियाने लग्न केलं नाही. बापाच्या घरात एकटीच म्हातारी झाली. बार्ला १९५१ साली गेली. मेंगिया तिच्या मातीला आली नाही. पुढे वर्षभर तिने काळे कपडे घातले, आणि कुणासाठी ते कुणी विचारलं नाही.