सात पट्ट्या सोडून

बसा, सांगतो. चहा गार झाला तरी चालेल, पण ऐकून जा. त्या पॉलिशवाल्याची गोष्ट आहे. गोडबोल्या माणूस, दाराच्या पितळी मुठी घासून आरसा करतो. बायको त्याची सिंथ वाजवते, म्हणजे विजेवर चालणारी पेटी. जुनं, जड मशीन, तिच्या बापाचं. एका हॉटेलवाल्याला अगदी तोच जुना आवाज हवा होता. शनिवारी ऐकतो, म्हणाला, आवडलं तर रोज संध्याकाळी वाजवायचं. बाईचा पाय जमिनीवर ठरेना. लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी होणार होतं.

नवरा तोंडानं कधी नाही म्हणाला नाही.

पट्ट्या खरखरायला लागल्या, तेव्हा तोच माझ्या दुरुस्तीच्या दुकानात विचारायला आला. मी सगळं फोड करून सांगितलं. आधी प्लग काढ, मशीन निवू दे, आत करंट साठलेला असतो. प्रत्येक पट्टीखाली केसाएवढी तार असते, ती दांडीला टेकली की आवाज निघतो. जाड कोऱ्या कागदाचा लांबट तुकडा शुद्ध स्पिरिटमध्ये भिजव, तार आणि दांडीच्या मधून अलगद ओढ. मळ कागदावर येतो. घासायचं नाही. तारेला सोन्याचा मुलामा असतो, तो गेला की खेळ खलास, असल्या तारा आता बनत नाहीत.

त्यानं सगळं कान देऊन ऐकलं. मग विचारलं, पॉलिश पेपरनं घासलं तर? मी म्हटलं, मग मशीन सरणावरच ठेव. तो हसला. मला वाटलं, धंद्याची खोड, घासल्याशिवाय चैन पडत नसेल.

शुक्रवारी दोघं मशीन घेऊन आले. उचललं होतं त्यानंच, तिला हात लावू दिला नाही. म्हणाला, घरीच साफ केलं हिच्यासाठी, तरी मशीन बोलत नाही बघा. मी झाकण उघडलं. तारा नुसत्या लखलखत होत्या. सोनं साफ उतरलेलं, आतला तांबडा धातू उघडा, घासून वाकलेल्या तारा दांडीला टेकतच नव्हत्या, काही तर तुटायला आलेल्या. मधल्या सात तेवढ्या जशाच्या तशा, मळकट. आवाज फक्त त्यांचाच.

ती तारांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काका, हे चुकून झालंय का?"

नवरा माझ्याकडंच बघत होता, हसऱ्या तोंडानं.

मी म्हटलं, "चुकून असतं तर मधल्या सातही गेल्या असत्या, पोरी."

"हात भरून आला असेल माझा," तो म्हणाला.

तिनं झाकण लावलं. रडली नाही. हॉटेलात वाजवायला दुसरा कुणी बसला.

मशीन आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत असतं, रोज पुसलेलं. पाहुणे आले की हा म्हणतो, अगं, वाजव की यांच्यासाठी. ती बसते. त्या सातांवर बोट पडलं तर सूर, नाहीतर नुसती टकटक. सगळे खाली बघतात. टाळ्या हा एकटाच वाजवतो.

रविवारी तुम्ही त्यांच्याकडं जाणार, असं कानावर आलं म्हणून सांगितलं. तो तुम्हालाही बोलायला लावेल. तेवढं एक ऐका माझं, 'होऊन जाऊ द्या वहिनी' असं म्हणू नका. चप्पल घाला आणि उठून या.