मंजुरीच्या रांगेत

आमच्या ग्रुपचं नाव 'पोटपाणी'. नाव ह्यांनी सुचवलेलं, म्हणजे माझ्या नवऱ्याने. ह्यांच्या दोन्ही किडन्या सहा वर्षांपूर्वी निकामी झाल्या. तेव्हापासून आमच्या घरी रोज चार वेळा डायलिसिस चालतं, तेही पोटातून. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीभर औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी ते काढून टाकायचं, की पुढची पिशवी लावायची. पडद्याच्या दांडीला पिशवीसाठी हूक आहे, पॅसेजमध्ये छताला टेकतील इतकी खोकी आहेत आणि पाहुणा आला की त्याला अंग चोरून चालावं लागतं. ज्यांच्या घरी असंच चालतं अशा लोकांचा हा ऑनलाइन ग्रुप मी पाच वर्षांपूर्वी सुरू केला. सुरुवातीला अकरा जण होतो. पुढे सांगते त्या चक्रीवादळापर्यंत सहा हजारांवर गेलो होतो आणि सहा हजारांची मी 'ताई' झाले होते.

ग्रुपचा एकच कडक नियम: माझ्या मंजुरीशिवाय कोणाचीही पोस्ट दिसणार नाही. उगाच केलेला नव्हता. दुसऱ्याच वर्षी कोणा शहाण्याने "पिशवी उकळत्या पाण्यात धरा, पटकन गरम होते" असं लिहिलं, दुसऱ्या शहाण्याने ते ऐकलं आणि आतून पोळून दवाखान्यात पडला. त्यानंतर प्रत्येक पोस्ट आधी माझ्या रांगेत यायची. मी वाचायची, पटली तर पुढे सोडायची. मी एका मोठ्या हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर एकोणतीस वर्षं काढली आहेत. दहा जणांना थांबवून ठेवायचं आणि अकराव्याला जोडून द्यायचं, हे अंगात मुरलेलं.

हे म्हणायचे, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस."

मी म्हणायची, "भाजते. लष्कर निदान आभार तरी मानतं."

चिडून म्हटलेलं असायचं, पण खोटं नव्हतं. ह्यांची पिशवी मी हजारो वेळा लावली असेल. त्याचे आभार कोण मानतं, आणि का मानावेत? ग्रुपवर मात्र एका ओळीचं उत्तर दिलं की हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडायचा. "ताई, तुम्ही नसता तर काय झालं असतं!" असं रोज कोणीतरी म्हणायचं. रोज ऐकलं की ते खरं वाटायला लागतं. मला वाटायला लागलं होतं.

मग ते चक्रीवादळ आलं. चार दिवस त्याची वाट बदलत होती, शेवटी आमच्याच किनाऱ्यावर येणार असं ठरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. त्या दुपारपासून ग्रुपवर नुसती झुंबड उडाली. वीज गेली तर मशीनवर डायलिसिस करणाऱ्यांनी काय करायचं? खोकी वरच्या मजल्यावर न्यायला माणूस मिळत नाही. पाणी साठवलंय, पण त्याने हात धुतले तर चालेल का? मी जेवणाच्या टेबलाशी फोन, चार्जर आणि वही घेऊन बसले ते बसलेच. एक सोडली की तीन नव्या यायच्या. खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटत होतं. इतक्या लोकांना माझी गरज आहे, ह्याची एक झिंग असते.

साडेसहाच्या सुमाराला ह्यांनी आतून हाक मारली. "अगं, जरा येतेस का? पाणी गढूळ वाटतंय मला."

"अहो, लाइट कमी आहे. बाहेर बघा आभाळ कसं झालंय. थांबा, आले."

थोड्या वेळाने पुन्हा, "येतेस ना?"

"आले म्हटलं ना!"

गेले नाही. पोटातून आलेलं पाणी गढूळ दिसणं म्हणजे पोटात जंतू शिरल्याची पहिली खूण. त्यात एकेक तास मोलाचा असतो. हे मी ग्रुपवर ठळक अक्षरांत लिहून वर टाचून ठेवलेलं आहे. पण ह्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, ह्यांना सगळंच गढूळ दिसतं, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढची पोस्ट उघडली. जेवताना ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, कारण मी साफ विसरले होते.

सकाळी सहाला चहा ठेवून मी फोन हातात घेतला. रांगेत एकशे बेचाळीस पोस्ट. भराभर निपटायला लागले. त्यात 'पिशवीवाला' नावाच्या एका नव्या सभासदाची होती: "काढलेलं पाणी गढूळ आहे का, हे कोणी फोटो बघून सांगेल का? माझी नजर अधू आहे. घरचं माणूस कामात आहे." फोटो उघडायला वेळ लागत होता. नेटवर्क आधीच मलूल झालं होतं. फोटोची वाट बघायची गरजही नव्हती. अशा पोस्टसाठी माझं उत्तर तयार असतं, ते चिकटवलं: 'ग्रुपवर वाट बघू नका. ताबडतोब तुमच्या नर्सला फोन करा. पिशवी फेकू नका. घरच्यांना लगेच सांगा.' आणि पाठवलं.

आतल्या खोलीत टिंग वाजलं.

तेव्हाही मला काही सुचलं नाही. मग फोटो उघडला. पिशवीमागे छापील कागद धरायचा, अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ, अशी आमची साधी परीक्षा असते. ह्या पिशवीमागे शब्दकोडं होतं. चौकोन एकमेकांत मिसळलेले, अक्षरं दुधात पडल्यासारखी. पिशवीबाहेर डोकावणाऱ्या कोपऱ्यात मात्र ह्यांचं तिरकं अक्षर स्पष्ट दिसत होतं. खाली पोस्टची वेळ होती, काल संध्याकाळी सहा पन्नास. म्हणजे मी "आले म्हटलं ना" असं खेकसले त्यानंतर लगेचच.

'दिव्याखाली अंधार' ही म्हण मी आयुष्यात शंभर वेळा तरी वापरली असेल, दरवेळी दुसऱ्यांसाठी.

आत गेले तर हे पलंगाच्या कडेला बसून फोन हातभर लांब धरून वाचत होते. "उत्तर आलं बघ," ते म्हणाले. "नर्सला फोन करा म्हणते." कपाळ तापलेलं होतं. एक हात पोटावर.

"मला पुन्हा हाक का नाही मारलीत?"

"दोनदा मारली की." त्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "म्हटलं, माझे डोळेच दगा देत असतील. वादळात सगळ्यांना कशाला पळवायचं? तिथे तू लवकर उत्तर देतेस, म्हणून टाकून बघितलं."

नर्सला फोन लागायला सात वेळा प्रयत्न करावे लागले. ती म्हणाली, "आत्ता निघा. कालची पिशवी असेल तर घेऊन या. पूल साडेनऊला बंद करणार आहेत, नंतर कोणालाच सोडणार नाहीत." पिशवी ह्यांनी ठेवली होती. ग्रुपचे नियम ते माझ्यापेक्षा जास्त पाळतात.

हॉस्पिटल पुलापलीकडे, आणि शेजारचा प्लंबर आपली व्हॅन घेऊन तिकडेच बहिणीकडे निघाला होता. "काकू, या माझ्याबरोबर," तो म्हणाला. "पण वीस मिनिटांत. त्याच्यापुढे मी माझ्या बापासाठीसुद्धा थांबायचो नाही."

वीस मिनिटांत मी पाण्याच्या चार पिशव्या, नळीचं सामान, मास्क, औषधं भरली. ह्यांनी बूट घातले, कालची पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मांडीवर घेतली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. आणि मी? मी परत टेबलाशी बसले. रांगेत एकशे साठ जण होते. मी गेले की ते सगळे तसेच अडकून पडणार. नियम माझा, कुलूप माझं, किल्लीही माझ्याचकडे. तीन वर्षांत मास्तरांनी तीनदा म्हटलं होतं, "ताई, एखादी किल्ली माझ्याकडे असू द्या." मास्तर म्हणजे ग्रुपवरचे एक निवृत्त शिक्षक, दूर डोंगराकडे राहतात, त्यांच्या बायकोचं डायलिसिस चालतं. मी तिन्ही वेळा गोड बोलून टाळलं होतं. माणूस चांगला, पण मऊ. कोणालाही काहीही लिहू देईल, असं माझं मत.

मी निरोप लिहायला घेतला. 'प्रिय सभासदहो, अत्यंत जड अंतःकरणाने' इथपर्यंत आले आणि पुसलं. मग 'मी दर दोन तासांनी डोकावत राहीन' असं लिहिलं. तेही पुसलं. बाहेर हॉर्न वाजला.

"होऊ दे तुझं," हे खुर्चीवरून म्हणाले. "मी थांबतो."

अंगात ताप, मांडीवर ती पिशवी, आणि तरी मला सवड देत होते. मला स्वतःचीच लाज वाटली. मी सरळ मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, सगळ्या किल्ल्या तुम्हाला देतेय. आत्ता."

"किती दिवसांसाठी, ताई?"

"माहीत नाही."

"बरं. नियम काय काय ठेवू?"

माझ्याकडे चौदा कलमांची यादी होती. तोंड उघडलंही होतं. दुसरा हॉर्न वाजला. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा," मी म्हटलं. हे वाक्य मी जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं. "मंजुरी काढून टाकायची असेल तरी काढा. फक्त गढूळ पाण्याची पोस्ट दिसली की तिथेच फोन करायला सांगा, फोटोची वाट बघू नका."

"ताई," मास्तर म्हणाले, "तुमच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

पाच वर्षांत ग्रुपवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी विचारायला जागाच ठेवली नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "ह्यांचं पाणी गढूळ आहे, मास्तर. कालपासून."

"मग फोन ठेवा आणि निघा," ते म्हणाले. आवाज अजिबात मऊ नव्हता.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: 'घरी आजारपण आहे. मी थांबते आहे. आता मास्तरांना विचारा.'

रस्त्यावर वारा अजून भुरभुरच होता, पण दुकानांच्या काचांवर लोक प्लायवूड ठोकत होते आणि पेट्रोलपंपापासून गाड्या पार चौकापर्यंत आल्या होत्या. व्हॅनमध्ये मागे पाइपांचा खडखडाट. प्रत्येक खड्ड्याला हे डोळे मिटून घ्यायचे. पर्समध्ये फोन सारखा गुरगुरत होता. पुलाच्या तोंडाशी पिवळ्या कोटातला माणूस गाड्या मोजून सोडत होता, तिथे मी तो बाहेर काढलाच. आता मोठेपणा नको सांगायला. एक पोस्ट वाचली. बिनमंजुरीची होती, तिच्यात एक चूक होती आणि खाली तिसऱ्याच कोणीतरी ती चूक दुरुस्तही केली होती. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण आधी मनात आलं: माझ्यावाचून चालतंय की! मग मी फोन बंद केला. बॅटरीही नऊ टक्केच होती.

हॉस्पिटलच्या खिडक्यांना चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्या होत्या आणि जनरेटरची चाचणी चालू होती. ह्यांना पलंग मिळाला, पिशवी तपासायला गेली. मग नर्स फॉर्म घेऊन आली. तरुण होती, केस आवळून बांधलेले, रात्रभर जागी असावी.

"काका, पाणी गढूळ आहे हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"आज सकाळी," हे म्हणाले.

अगदी सहज म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, छताकडे बघत होते. नर्सने 'आज सकाळी' लिहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस कधी दुकानदाराशीसुद्धा खोटं बोलला नव्हता. मला सांभाळून घेत होता. आणि मला, देवा, क्षणभर तसंच राहू द्यावंसं वाटलं. वादळ आलंय, गर्दी आहे, कोण बघायला बसलंय! बारा तासांनी काय होतं?

बारा तासांनी काय होतं हे मला पुरतं ठाऊक होतं.

"ते बदला," मी म्हटलं. "काल संध्याकाळी. सात वाजायच्या आत."

नर्सने मान वर केली. "तुम्ही पाहिलं होतंत, काकू?"

"ह्यांनी पाहिलं. मला दोनदा हाक मारली. मी गेले नाही. मी फोनवर होते."

"अगं, कशाला..." हे पुटपुटले.

नर्सने आधीचं खोडलं, नवीन लिहिलं आणि खोडलेल्या जागी सही केली. तिने मला रागावायला हवं होतं, निदान मान तरी हलवायला हवी होती. तिने फक्त विचारलं, "मधे रात्री किती पिशव्या झाल्या?" ह्यांनी "दोन" म्हणून सांगितलं. तिने तेही लिहिलं.

"बरे होतील ना?" मी विचारलं.

"औषध आत्ता सुरू करतोय. दोन दिवसांनी कळेल. वेळेत आलात," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण लावता लावता थांबली. "अगदी वेळेत नाही, काकू. पण आलात."

ती पुढच्या पलंगाकडे गेली. मला रडू आलं. मोठ्याने, सगळ्या वॉर्डासमोर, लाजलज्जा सोडून. ह्यांनी माझं रडणं होऊ दिलं. मग सुईचा हात जपत पाय एका बाजूला सरकवले, पलंगावर जागा केली आणि म्हणाले, "बस."

मी बसले.