लताबाईंच्या वाटची बाटली

दशम्या पिशवीतून बाहेर निघाल्या तेव्हा लताबाई काही बोलल्या नाहीत. "आई, बोटीवर घरचं खाणं चालत नाही," असं संजनाने आदल्या संध्याकाळी बजावलं आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सगळं ओट्यावर काढून ठेवलं. आईची बॅगही तिनेच भरली. लेक एवढ्या हौसेने समुद्र दाखवायला नेतेय, तिथे दशम्यांपायी कुठे तोंड वाजवायचं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. जावयाशी त्यांचं पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण माणूस बदलतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. लेक-जावई मुंबईहून बोटीने नेणार, हे बुद्धविहारातल्या एकूण एक बाईला सांगून झालं होतं. भिमाबाईला तर दोनदा.

सकाळी गाडी दारात लागली. शाल ठेवायला त्यांनी बॅग उघडली आणि हाताला काहीतरी टणक लागलं. पौर्णिमेला वंदनेसाठी नेसायची त्यांची पांढरी साडी, आणि तिच्या घडीत वाईनची बाटली.

"हे काय आहे?"

संजना मोबाइलमधून वर बघेना. उत्तर जावयाने, प्रफुल्लने दिलं. "वाईन आहे, आई. आपल्या नाशिकची. नाशिकच्या माणसाने बोटीवर जाऊन परक्यांची प्यायची का?"

"मग तुमच्या बॅगेत न्या."

"आमच्या आमच्याकडे आहेतच. बोटीचा नियमच आहे, मोठ्या माणसामागे एक बाटली नेता येते. तुम्ही घेत नाही, म्हणजे तुमची फुकट गेली असती."

"माझ्या दशम्या चालत नाहीत आणि दारू चालते?"

"दारू नाही हो. द्राक्षंच ती."

"द्राक्षं वेलीवर असतात तोवर द्राक्षं," लताबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त साडीसकट बाटली बाहेर काढली. "रोज सकाळी मद्य न घेण्याचं पाचवं शील म्हणते मी, प्रफुल्लराव. आणि तुम्ही माझ्या वंदनेच्या साडीत हे गुंडाळता?"

"शील तुमचं, बाटली आमची. तुम्हाला कोण प्या म्हणतंय? नुसती न्यायची."

"हमालालासुद्धा आधी विचारतात."

प्रफुल्ल हसला. त्याचं ते हसणं लताबाईंना लग्नाच्या बोलणीपासून डोक्यात जायचं. "मला कशाला बोलता, आई? बॅग मी भरली का?"

बॅग कुणी भरली ते लताबाईंना ठाऊक होतं. फक्त इतका वेळ त्यांना ते आठवायचं नव्हतं. त्या लेकीकडे वळल्या.

"फुटू नये म्हणून गं," संजना म्हणाली. "हाताशी तीच होती."

"मला कशाला नेतेस, संजना? खरं सांग."

"असं काय विचारतेस? बोटीच्या खोलीत तिसऱ्या माणसाचं तिकीट तसंही फुकट होतं, तर म्हटलं…"

"वर एक बाटली," प्रफुल्लने भर घातली.

लताबाईंनी साडीत गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या. "मी येत नाही."

"नाटकं नको करूस, आई. उशीर होतोय." संजनाने एवढं एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा कुणी म्हटलं नाही. प्रफुल्लने दोन बॅगा उचलल्या आणि दोघं बाहेर पडली.

लताबाईंचे कान रस्त्याकडे होते. गाडीची दारं लागली. गाडी मात्र हलली नाही. मग एक दार उघडलं आणि फाटकापासून चपलांचा ओळखीचा आवाज येऊ लागला. पोटची पोर ती, जाईल कशी? लताबाईंना एकदम भरून आलं. ती हाताला धरून नुसतं 'चल' म्हणाली, तर जायचं. दशम्या गिळल्या, तशी बाटलीही गिळायची, जावयाचं हसणंही. त्यांनी एक पाय चपलेत सरकवलासुद्धा.

संजना आत आली ती सरळ टेबलाशी गेली. साडीसकट बाटली तिने काखेत मारली.

"आम्ही बोटीवर विचारून बघतो, आई," ती घाईने म्हणाली. "दोघांत तीन बाटल्या चालवून घेतील कदाचित."

लताबाईंनी चपलेतला पाय काढून घेतला.

"साडी ठेव," त्या म्हणाल्या. "ती माझी आहे."